धावणारे पाय आणि घड्याळ धरणारा हात

घड्याळ जात विचारत नाही, असा एक युक्तिवाद क्रीडाक्षेत्राबद्दल नेहमी केला जातो. जो आधी पोहोचला तो जिंकला. तेथे भेदाभेदाला जागाच कोठे, असे विचारले जाते. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. घड्याळ जात विचारत नाही हे मान्य. पण ते घड्याळ कोणाच्या हातात असते, हा प्रश्न उरतोच. संघात कोणाला घ्यायचे, कोणी किती धावायचे, कोणी विश्रांती घ्यायची, हे प्रशिक्षक ठरवतो. धावणे ही क्षमता आहे. धावायला शिकवणे ही सत्ता आहे. वंचितांना पहिली गोष्ट उशिरा का होईना मिळते. दुसरी मात्र सहजासहजी मिळत नाही. स्वतः स्पर्धेत धावलेली आणि पुढे महाविद्यालयात क्रॉसकंट्री व ट्रॅक शिकवणारी व्यक्ती या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

प्रथम क्रॉसकंट्री म्हणजे काय ते पाहू. माळ, शेत, चढउतार, चिखल यांतून धावण्याची ही लांब पल्ल्याची शर्यत मुळात सांघिक आहे. अमेरिकन महाविद्यालयांच्या पद्धतीत एका संघाचे सात जण धावतात आणि पहिल्या पाचांचे क्रमांक हेच गुण धरले जातात. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. समजा, एका संघाचे धावपटू १, १२, १५, २० आणि ४० या क्रमांकांवर आले, बेरीज ८८. दुसऱ्याचे ६ ते १० या क्रमांकांवर आले, बेरीज ४०. शर्यत पहिल्या संघाच्या धावपटूने जिंकली, पण स्पर्धा दुसऱ्या संघाने. सहावा आणि सातवा गुण मिळवत नाहीत. पण ते प्रतिस्पर्ध्याच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचे गुण वाढवतात. म्हणून प्रशिक्षकाची खरी परीक्षा पहिल्या धावपटूत नसून पाचव्यात असते. एक तेजस्वी माणूस योगायोगाने मिळू शकतो. पाचवा मात्र घडवावा लागतो.

डोरिस ब्राऊन हेरिटेज यांचे उदाहरण येथे घेण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १९४२चा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात त्या वाढल्या. त्यांच्या शाळेत मुलींना ट्रॅकवर धावू देत नसत. त्या जंगलातल्या वाटांवर आणि समुद्रकिनाऱ्यावर धावत. या बंदीला एक शास्त्रीय वाटणारा आधार दिला जात होता. १९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रिया प्रथमच ८०० मीटर धावल्या. जर्मनीच्या लीना राडके यांनी विक्रमी वेळेत ती शर्यत जिंकली. अंतिम फेरीतल्या नऊही जणींनी ती पूर्ण केली. पण स्त्रिया धावता धावता कोसळल्या, असे वर्तमानपत्रांनी रंगवले. त्या वृत्तांताच्या जोरावर ही शर्यत ऑलिंपिकमधून गेली, ती १९६० पर्यंत परत आली नाही. तुमचे शरीरच या कामासाठी नाही, असे सांगून दार बंद करण्याची ही रीत आपल्याला अपरिचित नाही. आपल्याकडे शरीराच्या जागी जन्म आला, एवढेच.

१९६७ ते १९७१ अशी सलग पाच वर्षे डोरिस ब्राऊन यांनी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री शर्यत जिंकली. पहिली वेल्समधील बॅरी येथे होती. त्यांचे खरे बळ कित्येक किलोमीटरच्या अंतरात होते. पण १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी सर्वांत लांब शर्यत ८०० मीटरचीच होती. तीत त्या पाचव्या आल्या. १९७२ साली म्युनिकमध्ये १५०० मीटरचा समावेश झाला, तेव्हा ऐनवेळच्या दुखापतीने त्यांना धावता आले नाही. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती १९८४ साली. तिचा मान जोन बेनॉइट यांना मिळाला. व्यवस्था बदलते, पण ज्यांनी दार ठोठावले त्यांचे वय तोवर निघून गेलेले असते.

या माणसांनी पुढे काय करायचे? डोरिस हेरिटेज यांनी सिएटल पॅसिफिक या आपल्याच शिक्षणसंस्थेत अनेक दशके क्रॉसकंट्री आणि ट्रॅकचे प्रशिक्षण दिले. तेथेच प्रशिक्षक केन फोरमन यांनी त्यांना धावपटू म्हणून घडवले होते. जे ज्ञान त्यांना मिळाले, ते त्यांनी त्याच मैदानावर पुढच्या पिढ्यांच्या हाती दिले.

हे ज्ञान गूढ नाही. लांब अंतराचे धावणे प्रामुख्याने प्राणवायूवर चालते. बोलता बोलता धावता येईल अशा संथ गतीने महिनोन्‌महिने धावले की हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलते आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते. हा पाया झाल्यावर वेगाचा सराव येतो: ठरावीक अंतर वेगाने, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा तेच. कष्टाच्या दिवसानंतर हलका दिवस हवाच, कारण शरीर विश्रांतीत घडते. रोज जीव तोडून धावणारा लवकरच नडगीच्या दुखण्याने बसतो. विद्यार्थिनींच्या रक्तातील लोहाकडे लक्ष देणे हेही प्रशिक्षकाचेच काम. रक्त कमी असलेल्या मुलीला आळशी ठरवणे हा अडाणीपणा आहे. मात्र धावपटू असलेल्या प्रशिक्षकाला एक धोका असतो. आपल्याला जे मानवले तेच शिष्याला मानवेल, असे त्याला वाटू लागते. स्वतःचा विक्रम विसरून समोरच्याचे शरीर वाचता आले, तरच धावपटूचा शिक्षक होतो.

आता सत्तेचा प्रश्न. १९७२ साली अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेद करण्यास त्याने मनाई केली. मुलींचे संघ वाढले, शिष्यवृत्त्या आल्या. पण त्याच वेळी उलटेही घडले. १९७२ साली महाविद्यालयीन स्त्रीसंघांपैकी ९० टक्क्यांहून अधिक संघांच्या प्रशिक्षक स्त्रिया होत्या. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांवर आले. जोवर ते काम बिनमोलाचे होते तोवर ते स्त्रियांकडे होते. त्याला पगार आणि प्रतिष्ठा आली, तसे ते पुरुषांकडे सरकले. मैदान मिळाले, घड्याळ गेले. कायद्याने प्रवेश मिळतो. अधिकार आपोआप मिळत नाही, हा याचा धडा आहे.

गोऱ्या अमेरिकन स्त्रीची स्थिती आणि दलिताची स्थिती एकच, असे म्हणण्याचा हेतू नाही. तिला ट्रॅक नाकारला गेला, पाणवठा नव्हे. पण कर्तृत्व वापरायचे आणि अधिकार नाकारायचा, ही रीत दोन्हीकडे दिसते. चर्मकार समाजातून आलेल्या बाळू पालवणकर यांनी १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी चालली, त्यांचे नेतृत्व चालले नाही. कर्णधारपद या घराण्यात आले ते १९२३ साली, त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे.

आज आपल्या गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे मुले-मुली धावताना दिसतात. त्यांतली कित्येक पोलीस भरतीसाठी धावतात: मुले १६०० मीटर, मुली ८०० मीटर. रोज तेच अंतर, रोज पूर्ण वेगाने. पाया नाही, विश्रांती नाही आणि सांगणारेही कोणी नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेसाठी लांबची पायपीट करत असे. पण त्याच्यातला धावपटू सापडला तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये दाखल झाल्यावर, क्रॉसकंट्रीच्या मैदानावर. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले. जे सैन्याला दिसले ते आमच्या महाविद्यालयांना का दिसू नये?

आपल्या चळवळीतही पहिल्या क्रमांकांचे सत्कार पुष्कळ होतात. पहिला पदवीधर, पहिला अधिकारी, पहिला प्राध्यापक. त्यात गैर काही नाही. पण बेरीज पाचव्यावर ठरते. जे धावून पुढे पोहोचले त्यांनी तेथेच थांबून हार स्वीकारत राहू नये. शारीरिक शिक्षणाच्या पदविका, पंचांच्या परीक्षा, निवड समित्या, विद्यापीठांची क्रीडा मंडळे या रुक्ष वाटणाऱ्या जागा आपल्या मुलामुलींनी मिळवल्या पाहिजेत. ज्यांना यातले थोडे जरी कळते, त्यांनी उद्या पहाटे आपल्या गावच्या रस्त्यावर जावे आणि मागे पडलेल्या मुलीबरोबर, तिच्या गतीने, धावावे.