खुब्यात बसवलं काय, हे कागदावर हवं

लोधीखेडा, सौंसर, पांढुर्ण्याकडे कुणाचा खुबा मोडला की नागपूर गाठायचं, हे ठरलेलं. डॉक्टर सांधा बदलायचं सांगतात आणि घरचे खर्च विचारतात. सांधा कोणता बसवणार, हेही विचारायला हवं. प्रत्येकाचा धोका वेगळा असतो.

पडून खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाला बरेचदा नुसता गोळा बदलतात. वाटी स्वतःचीच राहते. शस्त्रक्रिया लवकर उरकते, पण धातूच्या घर्षणाने वाटीतली कूर्चा झिजू शकते. पूर्ण सांधा बदलला तर ती झीज टळते, मात्र गोळा वाटीतून निसटण्याची भीती वाढते. मांडीच्या हाडात जाणारा सांध्याचा दांडा सिमेंटविना ठोकून बसवला तर ठिसूळ हाडाला तडा जाऊ शकतो. सिमेंटने तो धोका घटतो. पण सिमेंट दाबताना हाडातली चरबी रक्तात ढकलली जाते आणि क्वचित रक्तदाब एकदम कोसळतो. साठीपुढच्या रुग्णांवरच्या २०२२च्या ब्रिटिश चाचणीत सिमेंटचं पारडं जड ठरलं.

तरुणांचं दुखणं निराळं. विदर्भात आणि छिंदवाड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, खुब्याचा गोळा रक्ताविना मरतो आणि ऐन तिशीत सांधा बदलावा लागतो. अशांना जंतुसंसर्गाचाही धोका जास्त. शिवाय हा सांधा पुढची कित्येक वर्षं टिकायला हवा. जॉन चार्नली यांनी १९६२मध्ये इंग्लंडमध्ये रूढ केलेली पॉलिथिनची वाटी झिजते. तिचे कण गिळणाऱ्या पेशी चिडतात, भोवतालचं हाड विरतं आणि सांधा हलू लागतो. नव्या पॉलिथिनची झीज पुष्कळ कमी आहे. सिरॅमिक त्याहून कमी झिजतं, पण क्वचित तडकतं, कधी चालताना करकरतं.

धातूवर धातू घासणाऱ्या सांध्याने मात्र घात केला. कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरलं, भोवतालचं मांस सडलं. डीप्यू कंपनीने असाच ‘एएसआर’ सांधा २०१०मध्ये जगभरातून परत मागवला. तोवर भारतात तो सुमारे ४,७०० वेळा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने हे प्रकरण लावून धरलं, केंद्राने २०१७मध्ये समिती नेमली. तरी बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही.

सांध्याच्या खोक्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक छापलेले स्टिकर असतात. म्हणूनच त्यातला एक सुटीच्या कागदावर चिकटवून मागा आणि तो कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवा.