धरणाखालचा ट्राउट

ॲरिझोना प्रांतात कोलोरॅडो नदीवरील ग्लेन कॅनियन धरण १९६३ साली पाणी अडवू लागले, आणि जी नदी उन्हाळ्यात कोमट व बहुधा गढूळच असे, तिच्यात सरोवराच्या खोल थरांतले थंड, नितळ पाणी उतरताच, दुसऱ्याच वर्षी धरणाखालच्या लीज फेरीच्या टापूत, त्या नदीला सर्वस्वी परका असलेला इंद्रधनुषी ट्राउट सोडण्यात आला. मात्र या पाण्यावर खरा अंमल विजेच्या मागणीचा: दूरच्या शहरांत मागणी चढली की विसर्ग वाढतो, रात्री उतरतो. म्हणून पाण्यात उभे राहून गळ टाकणाऱ्याने काठालगतचा एखादा दगड हेरून ठेवावा व तो बुडू लागताच, मासा गळाला लागलेला असला तरी (आणि नेमका तेव्हाच तो लागतो), मुकाट्याने काठ गाठावा.

माशाची अडचण निराळी. त्याचे भक्ष्य असलेली चिलटे पाण्याच्या कडेला अंडी घालतात. पाणी ओसरले की ती वाळतात. यास्तव २०१८ साली, मे ते ऑगस्टपर्यंत, शनिवार-रविवारी विसर्ग कमी व स्थिर ठेवण्याचा प्रयोग आरंभिला गेला, जेणेकरून त्या दोन दिवसांतली अंडी आठवडाभर पाण्याखालीच राहावीत.