तेल जातं, पेंड राहते

बांधावरच्या मोगली एरंडाला गुरं तोंड लावत नाहीत. फांदी मोडली की चीक ओघळतो, बिया तर विषारीच. मध्य अमेरिकेतून आलेलं हे झुडूप त्याच गुणावर आपल्याकडे कुंपणाला लागलं. पण बीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेल असतं आणि 27 ऑगस्ट 2018 रोजी डेहराडूनहून दिल्लीला उडालेल्या विमानाच्या इंधनात याच तेलाचा अंश होता.

या झुडपाला फुलांचे घोस येतात ते फांदीच्या शेंड्याला. म्हणजे जितके शेंडे तितके घोस. शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना दबवून ठेवतं. हिवाळ्यात पानं झडल्यावर शेंडा छाटला की तो धाक संपतो. कापाच्या खालचे निजलेले डोळे फुगतात, साल फाडून हिरवी टोकं बाहेर काढतात आणि एका फांदीच्या जागी दोन-तीन फुटवे उभे राहतात.

फुटवे वाढले की खाणारी तोंडंही वाढली. पहिली पानं खोडातल्या साठ्यावर निघतात. पुढचं सगळं मुळांनी आणायचं. युरियात नत्र 46 टक्के, शेणखतात जेमतेम अर्धा टक्का. तरी शेणखत लागतंच. युरिया पावसात झटकन लागू पडतो आणि तितक्याच झटकन वाहून जातो; शेणखतातलं नत्र सूक्ष्मजीव हंगामभर थोडं थोडं मोकळं करतात. स्फुरदाची तऱ्हा आणखी वेगळी. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते चुन्याशी जखडतं, कोकणच्या जांभ्यात लोहाशी. शेणखत कुजताना निघणारी सेंद्रिय आम्लं ही जखडण सैल करतात, म्हणून सुपर फॉस्फेट शेणखतात मिसळून आळ्यात, मुळांजवळ द्यायचं. तेही पावसाची ओल धरल्यावर. कोरड्या मातीतलं खत मुळांना उचलता येत नाही आणि उघड्यावर टाकलेल्या युरियाचा बराचसा भाग अमोनिया होऊन उडून जातो. नत्राचा हात सैल सुटला तर नुसता पाला माजतो.

खरी गंमत घाण्यावर कळते. तेल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. झाडानं हवेतून आणि पाण्यातून मिळवलेला माल. नत्र, स्फुरद, पालाश तेलात जवळजवळ उतरतच नाहीत. जमिनीतून उचललेलं ते धन पेंडीत आणि फळांच्या टरफलांत राहतं. या पेंडीत नत्र तीन टक्क्यांहून जास्त, शेणखताच्या निदान सहापट. फॉरबॉल एस्टर या विषामुळे ती गुरांना घालता येत नाही, पण मातीतले सूक्ष्मजीव ते विष मोडून टाकतात. पेंड शेतात परत आली, तर बाजारात गेलं ते ऊन, वारा आणि पाणी. जमिनीच्या पदरचं फारसं काही गेलं नाही.

2003 च्या सुमारास जैवइंधनाच्या मोठ्या योजनांत हे झुडूप पडीक जमिनीचं पीक म्हणून गाजलं आणि उत्पन्नाचे अंदाज फसले. तग धरणं वेगळं, बी भरणं वेगळं. तेव्हा लागवड असेल तर तेल खुशाल विका. पेंड, टरफलं आणि छाटलेल्या काड्या मात्र शेताबाहेर जाऊ देऊ नका.