पोलादांतील सूक्ष्म मळ आणि बेअरिंगचें आयुष्य

सायकलीचें चाक उचलून धरून फिरविलें म्हणजे तें बराच वेळ फिरत राहतें. ह्याचें श्रेय आंसाभोंवतीं बसविलेल्या पोलादी छर्ऱ्यांस आहे. घांसण्याऐवजीं लोळणें, हेंच बेअरिंगचें सारें मर्म. आगगाडीच्या आंसांत आणि विमानाच्या एंजिनांतहि हीच योजना असते. परंतु तेथें बेअरिंग फुटलें तर प्रश्न दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाहीं, माणसांच्या प्राणांचा होतो. नीट वंगण घातलेलें व बेताचा भार वाहणारें बेअरिंगहि केव्हां केव्हां अकालीं कां फुटतें, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

तार वारंवार वांकवून सरळ केल्यास ती शेवटीं तुटते. एका वांकण्यानें जें होत नाहीं तें शेंकडों वांकण्यांनीं होतें. ह्यास धातूचा थकवा म्हणतात. छर्रा व कडें ह्यांचा स्पर्श इवल्याशा जागेंत होतो, म्हणून तेथील दाब प्रचंड असतो. एक छर्रा पुढें गेला कीं दाब सुटतो, दुसरा आला कीं पुन्हा पडतो. मिनिटास ३,००० फेरे घेणारें यंत्र साडेपांच तासांत सुमारें १० लक्ष फेरे पुरे करतें! शिवाय थरावरून थर सरकविणारा ताण पृष्ठभागावर नव्हे, तर त्याच्या किंचित् खालीं सर्वांत अधिक असतो. नेमका तेथेंच एखादा परका कण दडला असेल, तर अनर्थाचें मूळ तेथें रुजतें.

हे कण येतात कोठून? बेअरिंगच्या पोलादांत बहुधा सुमारें १ टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम मुद्दाम घातलेलें असतें. प्राणवायु व गंधक मात्र न बोलावितां येतात. वितळलेल्या पोलादांतील प्राणवायु काढण्यासाठीं त्यांत ॲल्युमिनियम टाकतात. दोहोंच्या संयोगानें ॲल्युमिना होतो. तो बराचसा मळीबरोबर वर येतो, थोडा आंतच राहतो. हत्यारें पाजविण्याच्या साणेंतील कुरुंद तो हाच पदार्थ. दाबाखालीं पोलाद किंचित् नमतें, हा कण नमत नाहीं. मग त्याच्या भोंवतीं ताण एकवटतो, केंसासारखी चीर पडते, ती वर वाढत येते आणि शेवटीं पोलादाचा टवका उडतो. गंधक व मँगॅनीज ह्यांच्या संयोगाचे कण मऊ असल्यानें सामान्यतः इतके घातक नसतात.

आतां थोडें गणित करूं. १ टन पोलादांत प्राणवायु अवघा १० ग्रॅम आहे असें धरा. त्यापासून सुमारें २१ ग्रॅम ॲल्युमिना होईल. तो चहाच्या एका चमच्यांत मावेल. परंतु मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे त्याचे गोल कण केले, तर ते सुमारें १,००० कोटि भरतील! त्यांतहि एकंदर संख्येपेक्षां, सर्वांत मोठा कण केवढा व कोठें आहे, ह्यास महत्त्व अधिक.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वितळलेलें पोलाद निर्वात पात्रांत ठेवून त्यांतील वायु ओढून घेण्याची रीत रूढ झाली, आणि बेअरिंगांचें आयुष्य पुष्कळ वाढलें. विमानांच्या एंजिनांसाठीं तर पोलाद निर्वात स्थितींत दोनदां वितळवितात. तरीहि प्रत्येक कण कोठें आहे हें कोणास सांगतां येत नाहीं. म्हणून बेअरिंगचें आयुष्य संभवाच्या भाषेंत सांगतात: एकाच जातीच्या १०० बेअरिंगांपैकीं ९० जितके फेरे सुखरूप पुरे करतील, तितकें त्यांचें आयुष्य. लुंडबर्ग व पाल्मग्रेन ह्या स्वीडिश संशोधकांनीं १९४७ सालीं ह्या हिशेबास शास्त्रीय पाया घालून दिला. त्याप्रमाणें भार निम्मा केल्यास छर्ऱ्यांच्या बेअरिंगचें आयुष्य आठपट होतें.

दुकानांत मांडलेलीं दोन बेअरिंगें सारखींच चकचकीत दिसतात. त्यांतील एक वर्षानुवर्षें चालतें, दुसरें लवकर फुटतें. हा भेद पुष्कळदां भट्टीपाशींच ठरलेला असतो. तेथें राहून गेलेला मळ मागाहून कितीहि घांसलें-पुसलें तरी निघत नाहीं.