ओल्या पोशाखाची ऊब

अंग कोरडे राहिले तरच ऊब टिकते, अशी आपली समजूत. बर्कलीचे पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास ती खोटी ठरविली. पाणी आत शिरले तरी बिघडत नाही. ऊब धरतात ते रबरातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे. निओप्रीनचा ‘वेटसूट’ जन्मला तो या विचारातून.

सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यातही पाणी १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. हात बधिर झाले की फळी वल्हवता येत नाही, आणि किनारा तर दूर! तेव्हा पहिला सूट घेताना रंगावर भुलू नये.

४/३ म्हणजे छातीपाठीला ४ मिलिमीटर जाडी, हातापायांना ३. अशा पाण्याला एवढी पुरते. १० अंशांखाली ५/४ हवा, शिवाय टोपी, बूट, हातमोजे. उगाच जाड घेतला तर खांदे अवघडतात.

खरी परीक्षा मापाची. दुकानात घालताना घाम फुटला पाहिजे! कमरेमागे, काखेत, मानेशी पोकळी राहिली की प्रत्येक लाटेसरशी कोमट पाणी बाहेर आणि गारठा आत. मित्राचा ढगळ सूट फुकट मिळाला तरी नको. शिवणही पाहावी : आरपार टाक्यांतून पाणी झिरपते, आधी चिकटवून, मग सुई आरपार न नेता शिवलेली बरी. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळबळून सूट सावलीतच वाळवावा. उन्हाने रबर कडक होते.