झेल्याला पाते फुटले

रत्नागिरीच्या बागेत हापूस काढायला गडी कलमावर चढतात, पण शेंड्याचा आंबा हाती लागतो तो झेल्यानेच. लांब बांबू, टोकाला कडे, कड्याला जाळी. जुना झेला आंब्याला लावायचा आणि हिसका द्यायचा. आंबा जाळीत पडे, पण देठ बुडापासून तुटे आणि त्या जागेतून चिकाची धार फळावर ओघळे. हा चीक साल भाजतो. आढीत काळे डाग उठतात, देठाच्या उघड्या जागेतून बुरशी शिरते आणि पेटीचा भाव उतरतो.

१९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यावर ‘नूतन झेला’ काढला. नाव नूतन, पण नवे त्यात थोडेच. बांबू, कडे, जाळी ही जुनीच मांडणी. तोंडाशी धारदार पाते आणि देठाला त्या पात्याकडे वळवणारा दुभाजक, एवढीच भर. झेला ओढला की थोडा देठ राखून आंबा कापला जातो. गड्याला वेगळे शिकण्यासारखे फारसे काही नाही. हिसक्याच्या जागी ओढ आली, इतकेच.

हा आटोपशीरपणा सहज दिसतो, पण आंब्याच्या अवजाराला हंगाम आडवा येतो. मोटारीचा सुटा भाग आज चाचणीत फसला तर उद्या दुसरा घडवता येतो. झेल्याची चूक मेअखेर कळली, तर पुढची खरी परीक्षा थेट पुढच्या मार्चात. वर्षाला एकच फेरी मिळते तिथे सगळेच नव्याने आखायला बसलेला माणूस म्हातारा व्हायचा! त्यापेक्षा नुकसान नेमके जिथे होते, तेवढेच बदललेले बरे.

याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रात आंब्याची नवी जात घडवताना तर घड्याळ आणखी संथ. नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आला तो १९८१ मध्ये. हापूस वर्षाआड धरतो, त्यात साका (गर खराब करणारा दोष) निघतो, रत्ना दरवर्षी धरतो, त्यात साका नाही. मग रत्नाचाच पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीचा ‘सिंधू’ १९९२ मध्ये बाहेर पडला. मधे ११ वर्षे!

झेल्याचे दुखणे त्यामानाने किरकोळ. पाते बोथट झाले की देठ कापला न जाता ओढला जातो, आणि चीक पुन्हा सालीवर उतरतो.