गंजिफा उठली, रंग उरला

सावंतवाडीत चौरंग, पाट, देव्हारा, फळांची परडी किंवा एखादी लहानशी पेटी रंगवणारा हात मुळात पत्ते रंगवणाऱ्यांचा आहे. गंजिफा नावाचा पत्त्यांचा तो खेळ आज फारसा कोणी खेळत नाही. पण त्या गोल पत्त्यावर घोटून घोटून तयार झालेले रंगकाम लाकडावर उतरले आणि घरात शिरले. वाडीच्या कलेचा खरा इतिहास या स्थलांतरात आहे.

सावंतवाडी आज सिंधुदुर्गात असली तरी तिची कागदपत्रे रत्नागिरीशी बांधलेली आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा 1880 मधला दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा एकत्रच निघाला. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि वाडी रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनली. 1 मे 1981 रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ती तिथेच होती. त्यामुळे ही बुडती कला नव्याने उभी राहिली, ती रत्नागिरी जिल्ह्यातच.

गंजिफा हिंदुस्थानात रुजवली मोगलांनी. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली डावात 96 पत्ते. दक्षिणेकडे येईपर्यंत या डावाला दशावतारांचे रूप मिळाले: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, असे 120 पत्ते. अर्ध्या रंगांत दश्शी भारी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का भारी. दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजापासून सुरुवात, रात्री असेल तर कृष्णाच्या. डोके तल्लख ठेवणारा हा खेळ खेम सावंत तिसरे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाडीत रुजला असे मानले जाते. मोती तलावासमोरचा राजवाडाही त्यांच्याच काळातला.

पत्ता दिसायला तळहाताएवढाही नसतो, पण त्यामागची मेहनत मोठी. जुन्या पद्धतीत कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवत. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप. तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटायचा, पुन्हा लेप, पुन्हा घोटणे. मग गोल कापून जमिनीचा रंग भरायचा आणि त्यावर बारीक कुंचल्याने मासा, कासव, परशू किंवा कमळ काढायचे. दश्शीवर दहा कमळे म्हणजे दहाही सारखी हवीत, कारण खेळणाऱ्याने नजरेच्या एका फटक्यात पान ओळखले पाहिजे. चिताऱ्याच्या हाताला शिस्त लागली ती या गरजेतून. शेवटी लाखेचा हात, म्हणजे बोटांचा घाम आणि कोकणातली दमट हवा दोन्ही सोसणारी पाठ तयार.

पाहणाऱ्याला दिसतो तो वरचा रंग, पण काम टिकते ते खालच्या जमिनीमुळे. लाकडालाही हाच नियम. पाट नीट घासला नाही, भेगा आणि गाठी भरल्या नाहीत, पहिला हात पुरता वाळू दिला नाही, तर दोन पावसाळ्यांत रंगाला पोपडे येतात. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलखात वाळण्याला वेळ देणे हाच कामाचा मोठा भाग असतो. घाईच्या गिऱ्हाइकाला हे पटवणे अवघड जाते, पण त्यात तडजोड करणारा चितारी स्वतःचेच नाव घालवतो.

वाडीतला दुसरा हात कातकामाचा. चितारआळीत लाकडी फळे, भाज्या, भातुकली, बैलगाड्या आणि पाट-चौरंग विकणारी दुकाने आजही आहेत. कोकणातल्या कित्येक मुलांची पहिली भातुकली तिथून आलेली. खेळण्यांना पांगाऱ्याचे हलके लाकूड पसंत. गोल वस्तू कातावर फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी तिच्यावर टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी करून चकाकी आणतात. ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुंब अशा झाडांवरच्या किड्यांचा स्राव. अशा वस्तूच्या गुळगुळीतपणात जे ऊबदारपण आहे, ते डब्यातल्या चकचकीत रंगाला येत नाही.

विसाव्या शतकात छापील इंग्रजी पत्ते स्वस्त झाले आणि गंजिफेचे गिऱ्हाईक आटले. काम जाणणारे जवळपास उरले नव्हते. त्या वेळी राजेसाहेब शिवरामसावंत भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वयोवृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून घेतली. आश्रय देणे राजघराण्यांना नवे नाही. पण कारागिरासमोर शिष्य म्हणून बसणे वेगळे, आणि वाडीच्या गंजिफेचे आजचे अस्तित्व त्या बसण्यावर उभे आहे. मात्र गौरव करताना राजवाड्याइतकेच पुंडलिक चिताऱ्यांचे नावही घेतले पाहिजे. त्यांनी शिकवले नसते तर शिकणाऱ्यांची इच्छा कोरडीच राहिली असती.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ सुरू झाले. केवळ पत्त्यांवर कारागिरांचे पोट भरणार नव्हते. म्हणून तीच चित्रशैली टेबले, खुर्च्या, पेट्या, तबके आणि पाट यांवर आली. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये मांडी घालून रंगवत बसलेले चित्रकार बाहेरून येणाऱ्यांना पाहता येऊ लागले. सत्वशीलादेवींनी 2018 मध्ये निधन होईपर्यंत या कामावरून लक्ष काढले नाही. पुढच्या पिढीने राजवाड्याच्या एका भागात छोटे हॉटेल काढले, आणि तिथल्या खोल्यांच्या सजावटीत गंजिफेतले अवतार आले आहेत.

पत्त्यावरचे चित्र लाकडावर नेणे म्हणजे नुसते मोठे करणे नव्हे. गोल पत्त्यात मूर्ती मध्यभागी बसते. चौरंगाला चार बाजू असतात आणि चारही बाजूंनी माणसे बसतात, तेव्हा मूर्ती कोणत्या तोंडाने काढायची हा प्रश्न येतो. पाटावर जेवायला बसायचे, मग देवाची मूर्ती मध्ये काढून त्यावर बसणार कसे? अशा ठिकाणी वेलबुट्टीचा काठ, कमळ किंवा पक्षी अधिक शोभतात आणि अवतारांना देव्हाऱ्याची दारे किंवा भिंतीवरची फळी मिळते. घराचा रिवाज जाणणारा चितारी हे विचारूनच कुंचला उचलतो. मागणीप्रमाणे काम करणे म्हणतात ते हेच, नुसता आवडीचा रंग विचारणे नव्हे.

आज या कलेपुढे खरा धोका छापील चित्राचा आहे. लाकडावर चित्राचा कागद चिकटवून वर वॉर्निश मारले की लांबून फरक कळत नाही. जवळून मात्र कळतो. हाताच्या रेघेची जाडी वळणावर बदलते, छापील रेघ सगळीकडे एकसारखी असते. पाट विकत घेताना कडेवरून बोट फिरवावे. हातकाम कडेवरून खाली वळते, चिकटवलेला कागद कडेशीच संपतो. किंमत जास्त वाटली तर ती किती दिवसांच्या कामाची आहे हे दुकानदाराला विचारावे, आणि चितारी कोण हेही. रत्नागिरी-चिपळूणच्या नव्या इमारतींत देव्हारे अजूनही होतात, लग्नांत पाट अजूनही लागतात. ती मागणी कोकणातूनच वाडीकडे गेली, तर चितारआळीतल्या पोराला रंगाचे काम सोडून मुंबईची गाडी धरायचे कारण उरणार नाही.